दारू सोडल्यावरचे पहिले नव्वद दिवस: व्यायाम कधी, किती, कसा

दारू सोडलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात: मन घट्ट कर आणि व्यायामाला लाग. नुसतं मन घट्ट करून कुणाची दारू सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. दुसरा सल्ला खरोखर उपयोगाचा आहे, पण तो कुठल्या दिवसापासून आणि किती पाळायचा, हे कुणी सांगत नाही. मी दारू सोडली तेव्हा नवव्या दिवशी पहाटे धावायला गेलो. कॉलेजात असताना धावायचो, त्यामुळे ते अंगात कुठेतरी शिल्लक असेल असं धरून चाललो होतो. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. पुढचे चार दिवस मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरवेना. शरीराला मोठी इजा झाली नाही. पण 'आपल्याच्याने आता काही होणार नाही' असं मनाने ठरवून टाकलं, आणि ती संध्याकाळ माझ्या सगळ्या नव्वद दिवसांतली सर्वांत अवघड संध्याकाळ ठरली. मला त्या नवव्या दिवशी जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

सुरुवातीच्या तीन महिन्यांत व्यायामाचं काम शरीर कमावणं हे नाहीच. त्याची कामं तीन आहेत: पिण्याची जी ठरलेली वेळ होती ती पार पाडणं, रात्रीच्या झोपेला हातभार लावणं आणि रिकाम्या झालेल्या दिवसाला आकार देणं. यासाठी फार थोडा व्यायाम पुरतो. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर मी एकच गोष्ट सांगणार आहे: जेवढं जमेल असं वाटतं, त्यापेक्षा कमी करा.

आधी दारू सुरक्षितपणे सुटू द्या

जो माणूस वर्षानुवर्षं रोज पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून एक घोट घेतल्याशिवाय ज्याला कामाला लागता येत नाही, त्याने घरी एकट्याने एकाएकी दारू बंद करू नये. या लेखातलं दुसरं काहीही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

कारण असं. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते आणि मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबून ठेवते. रोजच दारू मिळू लागली की तोल सांभाळण्यासाठी मेंदू उलट्या दिशेने जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्या गटाने अचानक दोर सोडला की ओढणारे कसे कोसळतात, तसं दारू एकदम थांबल्यावर मेंदूचं होतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत जास्त असतो. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: आपण कुठे आहोत, कोणता दिवस आहे याचं भान सुटतं, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, ताप येतो, रक्तदाब आणि नाडी चढते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो.

यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टर डायझेपाम, लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधं देऊन काही दिवसांत ती हळूहळू कमी करत नेतात. सोबत थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात. सतत पिणाऱ्यांच्या शरीरात त्याचा साठा बऱ्याचदा संपत आलेला असतो, आणि ते फारच कमी पडलं तर गोंधळ उडणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना तोल जाणं अशी मेंदूची गंभीर अवस्था येऊ शकते. या गोळ्या कुणाकडून तरी मागून, अंदाजाने घेऊ नका. त्यांचीही सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो.

पूर्वी कधी फिट आली असेल, डिलिरियम होऊन गेला असेल, हृदय किंवा यकृताचा आजार असेल, गरोदरपण असेल, तर दवाखान्यात दाखल होऊनच सोडा. 'मागच्या वेळी घरीच सोडली होती, काही झालं नाही' हा युक्तिवाद धोक्याचा आहे. वारंवार सोडणं आणि वारंवार सुरू करणं झालं की पुढची सोडवणूक आधीपेक्षा कठीण जाऊ शकते. आणि डॉक्टरांना प्रमाण खरं सांगा. लाजेपोटी निम्मं सांगितलं, तर औषधही त्याच हिशेबाने कमी मिळेल.

पहिला आठवडा: व्यायाम नाही

या दिवसांत तुमचं शरीर बसल्या जागीच धावत असतं. नाडी चढलेली, रक्तदाब वाढलेला, घामाने पाणी गेलेलं, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बहुतेक वेळा खाली आलेलं. अशा हृदयावर आणखी भार टाकला तर ठोके बिघडू शकतात. 'घाम गाळला की दारू अंगातून निघून जाते' हा समज तर मनातून कायमचा काढून टाका. दारूचा ९० टक्क्यांहून जास्त भाग यकृत आपल्या गतीने मोडतं, आणि ती गती पळून, डोंगर चढून किंवा वाफ घेऊन वाढत नाही.

मग करायचं काय? अंथरुणातून उठायचं, आंघोळ करायची, खिडकीशी किंवा अंगणात उजेडात बसायचं, घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं फिरायचं. पाणी घोटाघोटाने प्यायचं, थोडं थोडं खायचं. हा आठवडा एवढ्यासाठीच आहे, आणि हेही पुष्कळ आहे.

बाहेर पडायला शरीर तयार झालं हे ओळखायचं कसं? हातांची थरथर थांबलेली असावी. औषधाचा मुख्य डोस संपलेला किंवा अगदी कमी झालेला असावा, कारण त्या गोळ्यांनी तोल जातो आणि झोप येते. सलग दोन दिवस जेवण पोटात राहिलेलं असावं. उभं राहिल्यावर चक्कर येऊ नये. आणि डॉक्टरांनी 'आता चालायला हरकत नाही' असं स्पष्ट म्हटलेलं असावं. कुणाला हे सहाव्या दिवशी जमतं, कुणाला पंधराव्या. दोन्ही ठीक.

डॉक्टरांशी हे बोलून घ्या

'व्यायाम करू का?' एवढंच विचारलं तर 'करा' एवढंच उत्तर येईल. म्हणून नेमकं विचारा. रक्तदाब किती आहे, ईसीजी काढायला हवा का, यकृताच्या तपासण्या काय सांगतात, हिमोग्लोबिन, साखर आणि क्षार ठीक आहेत का. दीर्घकाळ दारूने हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ शकतो आणि ठोके अनियमित होऊ शकतात. छातीत दुखणं, थोडं चालल्यावर धाप, पायांवर सूज, मधेच छातीत फडफड यांपैकी काहीही असेल तर ते आधी सांगा.

यकृताचा सिरोसिस, म्हणजे यकृत व्रण पडून कडक होण्याचा आजार, झालेला असेल, तर जड वजन उचलण्याबद्दल स्वतंत्रपणे विचारा. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील, तर श्वास रोखून जोर लावल्याने पोटातला दाब वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका असतो. त्यांना चालणं सहसा चालतं, पण वजनं नाहीत.

औषधांचंही तसंच. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध चालू असेल तर व्यायाम करताना नाडी हवी तेवढी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. तलफ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर अफूवर्गातली वेदनाशामकं काम करत नाहीत. पडून हाड मोडलं तर हे दवाखान्यात सांगता यायला हवं, म्हणून एक चिठ्ठी पाकिटात ठेवा. डायसल्फिराम, म्हणजे वर दारू घेतली की अंगावर उलटणारी गोळी, चालू असेल तर दारूचा थेंबही नको, आणि काही माउथवॉश, पातळ टॉनिकं यांत अल्कोहोल असतं तेही तपासा. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे ही काळजी घ्यावी लागते. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांची साखर दारू सुटल्यावर आणि चालणं सुरू झाल्यावर वेगळी वागू लागते. डोस पुन्हा ठरवून घ्या.

चालणं, आणि तेही ठरलेल्या वेळी

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात एकच व्यायाम: चालणं. पहिल्या दिवशी १० मिनिटं. पाच जायला, पाच यायला. तीन-चार दिवस एवढंच ठेवा, मग दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. महिनाअखेरीस २५ ते ३० मिनिटांवर पोचलात की छान. वेगासाठी एकच कसोटी: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागलं की वेग कमी करा. नाडी मोजण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि औषधं चालू असणाऱ्यांनाही लागू पडतं.

आता वेळेबद्दल. सगळे सांगतात, सकाळी चाला. मी सांगेन, ज्या वेळी प्यायला बसत होता त्याच्या अर्धा तास आधी चाला. शरीराला त्या तासाची सवय झालेली असते. ऑफिस सुटण्याची वेळ, दिवेलागण, मुलं झोपल्यानंतरची शांतता, जे तुमचं असेल ते. त्या वेळी शरीर खुर्चीत नसेल, पायांत बूट असतील आणि दार मागे बंद झालेलं असेल, तर अर्धी लढाई तिथेच संपते. ज्यांची वेळ रात्री उशिराची होती त्यांनी मात्र जेवणाआधी चालावं. झोपायच्या तोंडावर जोरात चाललं की आधीच नाजूक असलेली झोप आणखी बिघडते.

रस्ता आधी ठरवा. ज्या दुकानावरून, ज्या बारवरून, ज्या मित्राच्या दारावरून जावं लागतं तो रस्ता जवळचा असला तरी घेऊ नका. पहिला महिनाभर खिशात पैसे घेऊ नका, ऑनलाइन पैसे देणारा फोन घरी ठेवता आला तर तोही ठेवा. फोन हवाच असेल तर ज्याला तलफ आल्यावर हाक मारायची त्या माणसाचा नंबर सगळ्यात वर ठेवा. शक्य असेल तर सोबत कुणीतरी असू द्या, मग ते घरातलं लहान मूल का असेना.

निघण्यापूर्वी तळपाय पाहा. दारूने पायांच्या नसा बधिर होऊ शकतात, काहींना मुंग्या येतात, काहींना काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवत नाही त्यांना बूट चावलेला कळत नाही आणि फोड चिघळतो. रोज रात्री तळवे उजेडात पाहायचे, बोटांच्या मधली जागाही. अंधारात, खडबडीत जागी चालायचं नाही, कारण नसा बधिर असतील तर पाय कुठे पडतोय हे नीट समजत नाही.

रिकाम्या पोटी निघू नका. यकृतातला साखरेचा साठा पूर्वपदावर यायला वेळ लागतो, आणि भुकेची थरथर ही तलफेसारखीच जाणवते. कित्येकदा आपण दारूसाठी तळमळतोय असं वाटतं आणि थोडं खाल्लं की ती तळमळ विरते. भूक, राग, एकटेपणा, थकवा ही चार नावं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या सभांमध्ये पुन्हा पुन्हा ऐकू येतात. तलफ आली की या चारांपैकी नेमकं काय आहे हे आधी तपासायला तिथे शिकवतात.

तलफ आली त्या मिनिटाला

ठरलेल्या चालण्याखेरीज एक सुटी, छोटी फेरी हाताशी ठेवा. ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने तलफेला लाटेची उपमा दिली: ती चढते, शिखरावर जाते, आणि तिला खतपाणी मिळालं नाही तर ओसरते. बहुतेक वेळा हे सगळं अर्ध्या तासाच्या आत होतं. तो अर्धा तास बसून काढणं फार जड जातं. उठून दहा मिनिटं चालावं, जिना दोनदा चढावा-उतरावा, भांडी घासावीत, कपडे वाळत घालावेत. यात घाम येण्याचा संबंध नाही. हात आणि पाय कामात असले की लाट अंगावरून जाऊ देणं सोपं होतं. मी त्या काळात घरातला जिना इतक्या वेळा झाडला की शेजारच्या काकूंनी 'बरं आहे ना रे?' म्हणून विचारलं. मी त्यांना खरं सांगितलं, आणि त्यानंतर कितीतरी संध्याकाळी त्या स्वतःहून माझ्याबरोबर फेरी मारायला आल्या.

दुसऱ्या महिन्यात स्नायू

दीर्घकाळ पिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे स्नायू झिजलेले असतात, विशेषतः मांड्या, कंबर आणि खांद्यांचे. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणं, केस विंचरताना हात भरून येणं, ही त्याची खूण. अनेकांना हे वयामुळे किंवा आळसामुळे आहे असं वाटतं. तसं नसतं. आणि दारू बंद राहिली तर काही महिन्यांत ते बरंच भरून निघतं. ही बातमी मला कुणीतरी पहिल्या महिन्यात द्यायला हवी होती.

आठवड्यातून दोनच दिवस, मधे किमान दोन दिवस सोडून, चार हालचाली करा. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, ८ वेळा. भिंतीला हात टेकून जोर काढणं, ८ वेळा. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं, ८ वेळा. भिंतीच्या आधाराने टाचा उचलणं, १० वेळा. एक फेरी पुरे. दोन आठवड्यांनी दुसरी फेरी. जोर लावताना श्वास सोडा, कधीही रोखू नका. संपल्यावर 'अजून एवढंच पुन्हा करता आलं असतं' असं वाटलं, तर प्रमाण बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी थोडं अवघडलेपण येणारच. पण स्नायू सुजले, दुखणं भयंकर वाढलं आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. स्नायू मोडून त्यांतले घटक मूत्रपिंडात अडकू शकतात, आणि झिजलेल्या स्नायूंवर अचानक भार टाकणाऱ्यांना हा धोका जास्त. अंगदुखीसाठी गोळ्याही विचारून घ्या. यकृत नाजूक असताना पॅरासिटामॉलची मर्यादा वेगळी असते, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. कॅफिनने भरलेली पेयं आणि व्यायामापूर्वी घ्यायच्या पावडरी या तीन महिन्यांत नकोत. त्यांच्यामुळे होणारी धडधड आणि बेचैनी शरीराला जुन्या दिवसांची आठवण करून देते.

झोपेबद्दल वेगळं सांगायला हवं

सगळ्यांत जास्त निराशा इथे होते. माणूस दारू सोडतो, चालायला लागतो, आणि तरी पहाटे तीनला टक्क जागा. दारूमुळे स्वप्नांची झोप दबलेली असते. दारू सुटल्यावर स्वप्नं उसळून येतात, प्यायल्याची स्वप्नंही येतात, आणि झोपेची घडी नीट बसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. व्यायामाने ती घडी बसायला मदत होते, पण त्याच रात्री नाही. झोप न झालेल्या दिवशी चालणं रद्द करू नका, निम्मं करा. उठायची वेळ मात्र रोज तीच ठेवा.

जिथे पाय घसरतो

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक उत्साहाचा भर येतो. रक्तदाब उतरू लागतो, चेहऱ्यावरची सूज जाते, लोक 'किती छान दिसतोयस' म्हणतात. याच वेळी माणूस दिवसातून दोनदा व्यायाम, शर्यतीत नाव, कडक आहार असं सगळं एकदम हातात घेतो. पिण्यातही आपण असेच होतो: एकतर काहीच नाही किंवा बाटली संपेपर्यंत. व्यायाम चुकला की चिडचिड होते, दुखापत झाली तरी थांबवत नाही, घरच्यांना वेळ उरत नाही, सभा किंवा समुपदेशन चुकतं, तर ती जुनीच सवय नव्या कपड्यांत आली आहे असं समजा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा आणि त्या दिवशी उठून पळावंसं वाटलं तरी बसून राहा. तेही शिकावं लागतं.

संघात खेळायचं असेल तर सामन्यानंतर मंडळी कुठे जातात हे आधी विचारा. 'मी पीत नाही, खेळ संपला की निघतो' असं पहिल्या दिवशीच सांगणं, दहाव्या दिवशी सांगण्यापेक्षा सोपं असतं.

आणि पुन्हा प्यायलात तर? दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून धावू नका. शरीरात पाणी कमी, साखर खाली, ठोके अस्थिर, अशा वेळी तो व्यायाम घातकच आहे. एका दिवसाचं पिणं असेल तर विश्रांती, खाणं, पाणी, आणि त्याच दिवशी कुणाला तरी फोन. अनेक दिवस सलग झालं असेल तर थरथर सुरू होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, कारण आता पुन्हा पहिला आठवडाच आहे. मन फार खाली गेलं, जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर ते चालून जाण्याची वाट पाहू नका. त्याच तासाला घरच्यांना सांगा, मदत घ्या.

घरच्यांसाठी एवढंच: 'आज चाललास का?' असं विचारू नका, त्यात हजेरी घेतल्यासारखं वाटतं. 'मी चाललोय फेरीला, येतोस?' असं विचारा.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी

एक साधं कॅलेंडर भिंतीवर लावा. न प्यायलेल्या दिवसाला एक खूण, चाललेल्या दिवसाला दुसरी. दुसरी खूण चुकली तरी पहिली कायम आहे, हे डोळ्यांना दिसायला हवं. चालणं चुकलं म्हणून दारू सोडणं फसलं असं होत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये 'फक्त आजचा दिवस' म्हणतात, ते व्यायामालाही तसंच लागू आहे. काल बुडलं त्याची भरपाई आज करायची नाही, आज फक्त आजचं चालायचं.

नव्वद दिवसांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेल्या प्रमाणाकडे वळता येईल: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंसाठी. धावायचं असेल तर आता, एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सुरू करा. मी तसंच केलं, पण शंभराव्या दिवसानंतर.

त्याआधी यकृताच्या तपासण्या पुन्हा करून घ्या, आणि तपासणीच्या आधीचा आठवडा जड व्यायाम बंद ठेवा. स्नायूंवर ताण पडला की एएसटी, एएलटी ही यकृताची मानली जाणारी एन्झाइम्सही रक्तात वाढतात. मग अहवाल पाहून घरच्यांना वाटतं की हा चोरून पितोय, आणि आपल्यालाही काय सांगावं कळत नाही. चालत असाल, वजनं उचलत असाल, तर किती आणि कधी ते रक्त देतानाच डॉक्टरांना सांगा.